वहिनीला दिलेला कायदेशीर सल्ला

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आई गेली, तिलाही नाही. तुम्हाला काहून सांगते आहे—ठाऊक नाही. सांगते, बस्स.

मी वकील आहे, नागपुरातच कोर्टात उभी राहते. नव्या अशिलाला पहिले एकच गोष्ट समजावते. गुन्हा दखलपात्र असला, तर पोलिसांना तक्रार नोंदवावीच लागते, वॉरंट नसतानाही अटक करता येते. अदखलपात्र असला, तर नुसती नोंद—कोर्टाच्या हुकमाशिवाय तपासही नाही. कोणी दहादा विचारलं तरी मी दहादा सांगते, चिडत नाही.

मग त्या दुपारी काय झालं होतं मला?

वहिनी माझ्या घरी आली होती. स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून बसली आणि पदर खाली घेतला. पट्ट्याचे वळ—माझ्या दादानं उठवलेले. पहिली वेळ नव्हती. म्हणाली, "ताई, पोलिसात गेली तं ते काही करतीन का?"

दादाची सरकारी नोकरी. अटक म्हणजे निलंबन, आणि गल्लीभर आमच्या घराची चर्चा. हे सगळं माझ्या मनात आलं—तिची पाठ समोर असताना. बायकोचा असा छळ दखलपात्र आहे, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. मी म्हणाले, "वहिनी, हे अदखलपात्र असतं. पोलीस हातही लावत नाहीत." अशिलाशी बोलते त्याच आवाजात म्हणाले. तिनं मान हलवली, पदर नीट केला, अन् दादाची यायची वेळ झाली म्हणून घरी गेली.

चूक नव्हती ती. खोटं होतं. पुढे तिनं किती मार खाल्ला—मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर ऐकावं लागलं असतं.

गेल्या रविवारी तिच्याकडे गेले होते. तिची मुलगी सोनू, रामटेकला दिलेली—तिचा फोन आला. जावयानं मारलं होतं. पोलिसात जाऊ का, विचारत होती. वहिनी शांतपणे म्हणाली, "तिथं जाऊन काही होत नाही वं. ते अदखलपात्र राहते. तुह्या आत्यानंच सांगतलं मले. घे, तिलेच विचार." आणि फोन माझ्या हातात दिला.

"आत्या, खरं हाय का?"

खरं सांगायचं, तर ते वहिनीसमोर सांगावं लागलं असतं. ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणाले, "हो."

वहिनीनं चहा मांडला. मी प्याले. सोनूला मी अजून फोन केलेला नाही.