खालाच्या पोटात कोण बोंबलतंय?

आमच्या लातूरच्या लॅबमध्ये दहा प्रयोग केले की एक जमतो. उरलेल्या नवांचे किस्से होतात. मी वहीत रिझल्ट पुढून लिहिते, किस्से मागून. मागची पानं आता पुढच्यांना भेटायला आलीत!

काम सांगायला सोपं. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी साठतं. त्या पाण्यातल्या पेशी एकमेकींना प्रोटीनचे निरोप धाडतात, दाह भडकतो आणि गाठीचं फावतं. पण निरोप धाडतं कोण? कॅन्सरच्या पेशी, की शरीराच्याच राखणदार पेशी?

*

आमच्या वर कोचिंग क्लास. चाकूरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन चुकून आमच्याकडेच शिरले. वेगवेगळ्या प्लेटमधल्या पेशी बघून मुलीला म्हणाले, "बघ! पेशीबी अलग अलग बसिवल्यात. एका जागी बसल्या की कोन बोलतंय कळतच न्हाई!"

आमच्या लॅबचे सर खुर्चीतून उठले, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "साहेब, उद्यापासून लॅबला या! हे मी हिला दोन वर्षं समजावून राहिलोय!"

*

नांदेडहून सॅम्पल एसटीनं आणायचं. मांडीवर बर्फाचा डबा. कंडक्टरनं विचारलं, "मासे हायेत का?"

मी घाबरले की खरं बोलते. "नाही, पोटातलं पाणी."

अहमदपूरपर्यंत तीन सीट मला एकटीला!

*

खैरुनखाला किल्लारीच्या. दवाखान्यात पोटातलं पाणी काढायला यायच्या. त्यातलं थोडं आम्हाला द्याल का, म्हणून मी फॉर्म पुढे केला, तर म्हणाल्या, "भूकंपातून वाचले मी. आता आतून कोन हलवून राहिलंय, ते मला कळाया पायजे. आधी मला सांगायचं, मग तुझ्या सायबाला."

मी कबूल झाले. त्यांनी अंगठा दिला, वर माझा हात धरून ठेवला. "इसरायचं न्हाई."

*

आणि मी विसरले ते भलतंच! नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये खालाच्या पाण्याची नळी लावली, पण समोर वजनाला दुसरी लावलीच नाही. मशीन थरथरलं, टेबल नाचलं. आमच्या गावात टेबल हललं की कारण कोणी विचारत नाही. वरचा अख्खा क्लास रस्त्यावर! फिजिक्सचे मास्तर खडू घेऊन, मी टायमर घेऊन. मी सगळ्यांच्या पुढे.

आत एकटे सर, हातात उपटलेला प्लग. नळी फुटलेली.

*

पुन्हा पाणी मागायला गेले, रिकामा डबा पुढे केला.

"सांडलंस?"

"खाला, भूकंप झाला."

"कुटं?"

"मशीनमध्ये."

खाला इतक्या हसल्या की सिस्टर धावत आली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "घे. पोट भरूनच राहिलंय."

*

या खेपेला जमलं! सरांना "थांबा" म्हणून मी थेट वॉर्डात. खालाच्या पोटात सुई, खाली पाण्याची बाटली.

"खाला, कळलं! तुमच्या गाठीपेक्षा राखणदार पेशीच जास्त ओरडून राहिल्यात."

खाला छताकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी बी असंच. ढिगाऱ्याखाली माझी भैन हाक मारत हुती. वरचे मदतीला आलेलेच इतके बोंबलत हुते की तिची हाक ऐकूच येईना. माझ्या भावानं समद्यांना गप केलं, तवा ती सापडली." मग माझ्याकडे वळल्या. "ह्यांना गप करायचं औषध हाय का गं?"

"शोधून राहिलोत, खाला."

तेवढ्यात बाहेर पॅसेजमधून कोणी ऑक्सिजनचं सिलिंडर गडगडत नेलं. खिडक्या थरथरल्या.

"भूकंप!" मी किंचाळले आणि दाराबाहेर!

मागून खालाचा शांत आवाज आला, "सिस्टर, औषध सापडलं की पयलं हिला द्या!"