ग्राइंडरचं शुभमंगल

"काका! ग्राइंडरमंदी तांदूळ कोनं टाकले?"

पल्लवीचा हा आवाज चिखलीच्या बसस्टँडवर मेहकरच्या गाडीत चढणाऱ्या एका माणसाने ऐकला आणि एक पाय पायरीवर, एक पाय जमिनीवर अशा अवस्थेत त्याने मागे वळून पाहिलं, असं नंतर गावात दोन-तीन जण सांगत होते. (त्यातला एक मी.)

मी मात्र शांत उभा होतो. हातात तबक, तबकात कुंकू, कपाळावर त्याहून जास्त कुंकू, आणि शर्टाच्या खिशातून पिवळ्या अक्षता अजून एकेक करून गळत होत्या. अशा वेळी माणसाने जबाबदारी टाळू नये. मी सरळ म्हणालो, "मास्तरांनी!"

पल्लवी माझी पुतणी. पुण्याला शिकायला गेली, तिथे एका कॉफीच्या दुकानात कामाला लागली आणि परत आली ती डोक्यात कॉफीच घेऊन. आमच्या घराण्यात कॉफी दोनदाच होते. कोणी अंथरुणाला खिळलं की, आणि लग्नघरी पाहुणे पेंगायला लागले की. दोन्ही वेळेला जायफळ. बिनजायफळाची कॉफी, तीही धडधाकट माणसांना, तीही विकत! तिच्या बापाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे काही पटेना. दादा अमडापूरला शेती करतो आणि इतकं कमी बोलतो की घरात त्याच्यापेक्षा ट्रॅक्टर बोलका. तरी पोरीपुढे विरघळला आणि चिखलीतला आपला गाळा त्याने तिला दिला. पण अट घालून.

"दसऱ्यापावतर चालव. खंडेनवमीले मी येतो, पायतो. जमलं तं ठीक. नाई तं दसऱ्याच्या मुहूर्तावर गाळा बियानेवाल्याले."

दादाचं हे वर्षातलं सगळ्यात मोठं भाषण. बियाणेवाला तर इतका तयारीत होता की कॉफी प्यायच्या निमित्ताने येऊन टेपने भिंती मोजून गेला होता. कॉफी अर्धी ठेवून गेला, हे पल्लवीला जास्त लागलं.

दुकानाचं नाव 'घोटभर'. कॉलेजच्या पोरी येत, क्लास सुटलेली पोरं येत. पण दुकानाचे खरे आधारस्तंभ आम्ही तिघं. देशपांडे मास्तर शाळेतून निवृत्त, सोनोने सर कॉलेजातून आणि मी कचेरीतून. सकाळी दहा ते दुपारच्या जेवणापर्यंत घरी नको असलेली तीन माणसं! पाटीवरची कॉफीची नावं आम्हाला कधी जमली नाहीत, म्हणून आम्ही आमची पाडली. फेस येतो ती फेसाची. एवढ्याशा कपात येते, कडूजहर, ते औषध. त्याच औषधात पाणी टाकून देतात ती सरकारी. आम्ही बशीत ओतून प्यायचो. पल्लवीने आधी नाक मुरडलं, मग रागारागाने तीन बश्या आणून आमच्या टेबलावर आपटल्या. त्या दिवसापासून आम्ही तिथले कायमचे.

तर खंडेनवमी उजाडली. पल्लवी दादाला आणायला बसस्टँडवर निघाली. जाताना दारातून म्हणाली, "काका, कशालेच हात लावू नका हं. आज लय महत्त्वाचं हाये."

ती गेली आणि मी कॉफीच्या मशीनकडे पाहिलं. आणि मला धक्काच बसला. खंडेनवमी, आणि मशीन कोरडी! अहो, आमच्याकडे या दिवशी ट्रॅक्टरची पूजा होते, विळ्याची होते, फवारणीच्या पंपाला हार पडतो. बायकोच्या मिक्सरला कुंकू लागतं, माझ्या स्कूटरला लागतं. (स्कूटर चालू होत नाही, पण मान आहे.) आणि जिच्यावर पोरीचं नशीब टांगलेलं, तिला साधं फूल नाही?

"सर," मी सोनोने सरांना म्हणालो, "मशीनची पूजा कराची का?"

सोनोने सर दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या तयारीत होते. दीक्षाभूमीला जायची पिशवी भरून टेबलाखाली ठेवलेली. पेपरातून मान न काढता म्हणाले, "आपल्याकडं नाई बा हे. पन माहं म्हननं इचारसान तं फडक्यानं पुसून घ्या. मशीन तेवढ्यावर खूश होते."

हा सल्ला ऐकला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण तेवढ्यात देशपांडे मास्तर खुर्चीतून उठले. मास्तर उठले की थांबत नाहीत. पंचक्रोशीत त्यांच्या मंगलाष्टकांशिवाय लग्न लागत नाही. आवाज असा की मांडववाले त्यांना बघून माइक बंद करतात.

"गजानन, तबक आना," मास्तर म्हणाले. "पूजा मी सांगतो."

मी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून तबक आणलं, नारळ आणला, मूठभर तांदूळ हळदीत कालवून अक्षता केल्या आणि दुकानात बसलेल्या सगळ्यांच्या हातावर ठेवल्या. कॉलेजच्या पोरींनी आनंदाने घेतल्या. सोनोने सरांच्याही हातात पडल्या, पेपर वाचता वाचता. मशीनच्या शेजारी ग्राइंडर उभा, वर काचेचं भांडं, त्यात कॉफीचे दाणे काठोकाठ. झाकण ठेवून पूजा पोचते का? मी झाकण काढलं. (हात लावला नाही. रुमालाने काढलं.) नारळ फोडला. पाणी वाया कसं घालवायचं? मशीनच्या मागे पाण्याची टाकी होती. पाण्यात पाणी. ओतलं!

मास्तरांनी डोळे मिटले. देवीचं एक स्तोत्र सुरू केलं. पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसरी आठवेना. मास्तरांनी श्वास घेतला, आणि वर्षानुवर्षांचा बैल जसा मालक झोपला तरी घरचा रस्ता धरतो, तसा त्यांचा आवाज आपोआप वळला.

सोनोने सरांनी पेपर खाली केला. "मास्तर! हे लग्नाचं म्हनून राह्यले तुमी!"

"मंत्र कोनताच वाईट नसते सर!" मास्तर डोळे मिटूनच ओरडले आणि वरच्या पट्टीत गेले. "शुऽऽभ मंऽऽगल… साऽऽवधान!"

आता मला सांगा, मराठी माणसाच्या हातात अक्षता आहेत आणि कानात 'सावधान' पडलं, तर तो विचार करतो का? हात आपोआप सुटतो! सगळ्या दुकानाने एका दमात अक्षता फेकल्या. लग्नात निम्म्या अक्षता पुढच्या रांगेतल्या टकलांवर पडतात. इथे पुढे रांगच नव्हती. सगळ्या थेट ग्राइंडरच्या भांड्यात! सोनोने सरांचा नेम तर सगळ्यात अचूक.

"सर, तुमीसुद्धा?"

"सवय हो," सर ओशाळून म्हणाले. "विद्यार्थ्यांच्या लग्नाले जाऊन जाऊन."

कुणी थांबवायच्या आत मास्तरांनी पुढचं कडवं घेतलं. पुन्हा सावधान. पोरींनी अक्षता परत परत मागून घेतल्या. एकीने टाळ्या वाजवल्या. ग्राइंडरचं लग्न थाटात लागलं आणि त्याच क्षणी दारातून पल्लवी आली, मागे दादा.

दादाने सगळ्यांकडे पाहिलं, खुर्ची ओढली, बसला. पल्लवी घाईत सरळ मशीनमागे गेली आणि बटण दाबलं. ग्राइंडरमधून असा आवाज आला की जणू मळणीयंत्रात कोणी कुकर टाकलाय. मग तो थांबला. मग तिने भांड्यात पाहिलं. मग मेहकरच्या गाडीतला माणूस मागे वळला.

"दुसरे दाने काढ ना," मी धीर करून म्हणालो.

"दुसरे कुठं हायेत काका? पार्सल सुट्टीमुळं अकोल्यात अडकून हाये. जे होतं ते याच्यातच होतं!"

आणि तिचे डोळे भरले. तिचं ओरडणं मी कितीही ऐकून घेतलं असतं, मला घरी सराव आहे. पण हे नाही. ती बापाकडे पाहीना. दादा भिंतीकडे पाहत होता, जिथे बियाणेवाल्याने पेन्सिलने खुणा केल्या होत्या.

"निवडू," मी म्हणालो. "तांदूळच तं हायेत!"

भांडं टेबलावर उपडं केलं. ज्यांनी घरी कधी डाळीतला खडा पाहिला नाही, ते आम्ही तिघं चष्मे कपाळावर चढवून कॉफी निवडायला बसलो. कॉलेजच्या पोरींनी वह्या मिटल्या आणि खुर्च्या ओढल्या. क्लासची पोरं आली. बांगड्यावाली बाई तबक मागायला आली, तीही बसली. मास्तर तांदूळ ठेवून कॉफी बाजूला काढू लागले. त्यांना उलटं सांगितलं, तर ते सोनोने सरांच्या ढिगातले काढू लागले.

"मास्तर, माह्या ढिगाले हात लावू नका!"

"तुमचा ढीग? रेषा दाखवा!"

दादाला हे बघवेना. शेतकरी माणूस, त्याच्यासमोर दाण्याची अशी विटंबना! "सरका बे," म्हणत तो मध्ये घुसला. एक दाणा उचलला, उजेडात धरला आणि तूर वाळली का बघतात तसा दाताखाली फोडला. चावला. गिळला. दुसरा उचलला. "हा चांगला हाये." तिसरा. "हा बी." दादा काही न निवडता नुसता दाणे तपासत होता, आणि तपासलेला दाणा परत ठेवायची सोय नव्हती.

काही वेळाने दादाचा पाय हलायला लागला. मग दोन्ही. मग दादा बोलायला लागला. बोलला म्हणजे काय, धरण फुटलं! सोयाबीनवर बोलला, विहिरीवर बोलला, मी लहानपणी म्हशीवरून पडलो त्यावर बोलला. (ती म्हैस पडली होती, मी नव्हे.) मास्तरांना त्याने बोलायची संधी दिली नाही, ही चिखलीत पहिलीच वेळ. पल्लवी कोपऱ्यातून डोळे पुसत बापाकडे बघत राहिली. इतकं तो तिच्या जन्मात बोलला नव्हता.

तेवढ्यात बियाणेवाल्याचा फोन आला.

"हाव, गाळ्यातच हाये मी," दादा फोनवर म्हणाला. त्याने मान वर करून टेबलाभोवतीची गर्दी पाहिली. "काय सांगू भाऊ, माह्या वावरात पैसे देऊन मजूर भेटून नाई राह्यले. अन् हिच्याकडं पाय, मास्तर, प्रोफेसर, कॉलेजच्या पोरी, समदे फुकट निवडून राह्यले! नाई भाऊ. गाळा खाली नाई. गाळ्यात माही पोरगी हाये."

पोरींनी आरोळी ठोकली. उरलेल्या अक्षता उडाल्या. (सावधान कोणी म्हटलं नव्हतं, तरी.) पल्लवीने ग्राइंडर ब्रशने झाडला, निवडलेले दाणे दळले आणि पहिला कप बापासमोर ठेवला. तो त्याने ओठाला लावला, तेव्हा मला एकदम नारळाचं पाणी आठवलं. मी छताकडे पाहू लागलो.

दादाने घोट घेतला. बशी मागवली. ओतली. संपवली. "अजून दे."

पल्लवीने स्वतः एक घोट घेतला. थांबली. फार सावकाश माझ्याकडे वळून म्हणाली, "काका."

एवढंच.

पण शेवट गोड झाला ना! दादाला संध्याकाळच्या गाडीत बसवलं. (तो कंडक्टरशी बोलतच चढला.) मी छाती पुढे काढून पल्लवीकडे आलो. पूजा माझी, कल्पना माझी, गाळा वाचला तो माझ्यामुळे! म्हटलं, "पोरी, आता माहा एक फोटो लाव दुकानात. लोकाले कळलं पाह्यजे, काकानं काय केलं."

ती टाकी धूत होती. मान वर न करता म्हणाली, "लावते. ग्राइंडरवरच लावते. उद्या कामाले पोरी ठेवल्या तं त्यायले समजाले पाह्यजे, कोनाले जवळ येऊ द्याचं नाई."