चाकावरचं कुंकू

“थांबव! गाडी थांबव रे!” बायको अशी किंचाळली, की पवई तलावातल्या मगरींनीही डुबकी मारली असेल. माझ्या हातातलं स्टिअरिंग भूत लागल्यासारखं थडथडत होतं. पुढच्या डाव्या चाकातून टकटक आवाज. मागच्या सीटवर आई गावच्या झाडून सगळ्या देवांना हाका मारत होती, आणि मागचा डंपर तर माझ्या मानेवर श्वास टाकत होता. कशीबशी गाडी कडेला घेतली. डंपर निघून गेल्यावर उतरलो.

दसऱ्याचा दुसरा दिवस. आम्ही जोगेश्वरीहून चेंबूरला मावशीकडे सोनं द्यायला निघालेलो. गाडीला नवी अलॉय चाकं, वाकोल्याच्या एका दुकानातून बसवलेली. कंपनीपेक्षा कितीतरी स्वस्त, वर प्रत्येकावर सोनेरी स्टिकर: ‘टेस्टेड’. त्या चाकांमुळे माझा जुना डबा असा झकास दिसायचा, की सोसायटीचा सेक्रेटरी त्याला उठून नमस्कार करायचा. खोटं नाही सांगत.

दसऱ्याला बायकोने चारही चाकांना कुंकू लावलं, तेही तेलात कालवून, टिकावं म्हणून. आज निघताना पुसलं, तर या डाव्या चाकावर केसाएवढी लाल रेघ उरली. नखाने खरवडायला गेलो, तर आई म्हणाली, “राहू दे रे, देवाचं आहे.” राहू दिली.

आता वाकून बघतो, तर रेघ तिथेच; पण तिच्यापुढे काळी फट, थेट नटापर्यंत. कुंकू चाकावर राहिलंच नव्हतं, तेलाबरोबर फटीत आत शिरलं होतं. तडा सकाळीच होता, आणि मी त्याच चाकावर दोघींना घेऊन हायवेच्या दिशेने सुटलो होतो.

“सर्टिफिकेटवालं घेतलंस ना?” बायको म्हणाली.

“हा काय स्टिकर!”

तिने नख लावलं. स्टिकर अख्खा निघून तिच्या अंगठ्याला चिकटला.

टेस्टिंगचा खरा शिक्का चाकाच्या धातूतच उठवलेला असतो, एवढं मलाही माहीत होतं. कधी बघितलं मात्र नव्हतं. चाक उतरवलं, पालथं करून हात फिरवला. कोरं.

स्टेपनी लावली. आई आणि बायको परत गाडीत बसल्या. मग दुकानदाराला फोन लावला आणि चेंबूरच्या मावशीला थेट ऐकू जाईल अशा आवाजात त्याची पार वाट लावली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“बाकीची तीन पण बघून घ्या ना,” तो म्हणाला.