जाणाऱ्याचे तीन केस

दुल्माकडून जनावर घ्यायचं तर अंगात चिकाटी हवी, असं सगळं खोरं म्हणायचं. सौदा व्हायचा, मिठाचा चहा व्हायचा, तपकिरीच्या कुप्या एकमेकांच्या हातात फिरायच्या, आणि गिऱ्हाईक दोर धरून उठलं की ही बाई म्हणायची, "थांब."

मग ती जनावराच्या मागे जाऊन शेपटीचे तीन केस उपटायची. नंतर पुढे येऊन डगल्याच्या आतल्या काठाने त्याच्या नाकपुड्या, ओठ, लाळ सगळं पुसून घ्यायची. जनावर जावं पण त्याची बरकत घरात राहावी, म्हणून. करतात हे सगळेच, पण बाकीचे ओझरतं करतात. दुल्मा पाहुण्यांकडे न्यायच्या पोराचं तोंड पुसावं तशी सावकाश पुसायची. एका मेंढ्याने कंटाळून तिला ढुशी देऊन शेणात पाडलं होतं. उठताना तिच्या मुठीत तीन केस होतेच.

ते केस ती दोरात गुंफायची. राहत्या गोल तंबूच्या छताला मधोमध लाकडी चाक असतं, त्यातून हा दोर खाली येतो. वादळ सुटलं की घरातल्या माणसाने त्याला लटकायचं, म्हणजे तंबू उडत नाही. दुल्माचा दोर सत्तेचाळीस वर्षांत मनगटाएवढा जाड झाला होता. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन आली, त्या साली विकलेल्या मेंढीची लोकर त्यात अगदी आत कुठेतरी होती. त्या काळात कळप सरकारी होते. वर्षाला शेकडो जनावरं हाकून नेली जायची, आणि दुल्मा त्यांचेही केस घ्यायची. "बाई, सरकारी मेंढीची लोकर चोरतेस?" असं कळपप्रमुखाने दरडावलं, तेव्हा तिने मूठ उघडून दाखवली. "घ्या, मोजून घ्या. तीन आहेत." त्याने घेतले नाहीत. बरकत सरकारजमा कशी करायची, हे त्याच्या कागदांत लिहिलेलं नसावं.

तिचा एक नियम मात्र पक्का होता. परत येणाऱ्याचं काही ठेवून घ्यायचं नाही. शर्यतीला निघालेला घोडा, शेजाऱ्याला वापरायला दिलेला बैल, यांच्या शेपटीला हात लावायचा नाही. "केस घेतले की ते गेलंच समज," ती म्हणायची. नवरा गोम्बो थट्टेखोर. त्याने एकदा शेजाऱ्याला महिनाभरासाठी दिलेल्या उंटिणीचे तीन केस उपटून बायकोच्या नाकासमोर नाचवले. दुल्मा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. उंटीण ठरल्या दिवशी परत आली, तरी राग काही गेला नाही.

गोम्बोला जाऊन चौदा वर्षं झाली. त्याच्यामागे त्याचा पिवळा घोडा राहिला, आणि मुलगा पेरेन्लै.

त्या शरदात पेरेन्लैने शहरात जायचं ठरवलं. मुलगी सहा वर्षांची झाली होती, तिला शाळेत घालायचं होतं. बायको नोमिनच्या भावाने त्याला गाडीवर काम मिळवून दिलं होतं.

"कायमचं थोडंच चाललोय, आई? दर उन्हाळ्यात येणार," पेरेन्लै म्हणाला.

"ये की."

"मेंढ्या तुझ्याजवळच राहतील. खोर्लोकाका आहेतच शेजारी. घोडे तेवढे काढून टाकू. तुला एकटीला कुठे आवरणार ते?"

"काढ."

दुल्मा एवढंच बोलली. तिला राग आला नव्हता असं नाही, पण सहा वर्षांच्या पोरीवर कसा काढायचा? शिवाय तिला तिचा हिशेब ठाऊक होता. बरकत दोरात आहे, दोर घरात आहे. त्याच्या ओढीने माणसं परत येतील. यावर तिचा मनापासून विश्वास होता, आणि त्याच आधारावर ती उभी होती.

घोडे न्यायला व्यापारी एक दिवस आधीच आला. दुल्मा त्या सकाळी खोर्लोकडे तंबूसाठी लोकरीचा जाड नमदा करायला गेली होती. लोकर झोडपून, भिजवून, गुंडाळी उंटामागे बांधून ओढवून सगळं होईतो दुपार झाली. घरी परतते तो घोडे बांधायचा खुंट्यांमधला दोर मोकळा. बारा घोडे गेले होते, आणि त्यांच्यासोबत पिवळाही.

"पिवळासुद्धा?" तिने सुनेला विचारलं.

"व्यापारी म्हणाला, सगळे देत असाल तरच नेतो," नोमिन खाली बघत म्हणाली. "ह्यांनी खूप ओढून धरलं हो, आई. शेवटी दिला. आता पाणी आणायला गेलेत."

"केस?"

नोमिन शहरातली. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी आत होते. बघितलं नाही."

खोर्लोकडून आणलेल्या घोडीवरचं खोगीर अजून उतरवलेलं नव्हतं, त्याच घोडीवर दुल्मा पुन्हा बसली. तालुक्याच्या गावी जनावरांच्या दाखल्यासाठी ट्रक थांबतात. दोन तासांची दौड. सहासष्टाव्या वर्षी तिने ती दीड तासात मारली.

ट्रक उभाच होता. चाकाशी उकिडवा बसून व्यापारी मांसाची पुरी खात होता. सोदनोम त्याचं नाव. पोट सुटलेला, हसरा माणूस.

"मावशी! सौदा मोडायला आलात की काय?"

"सौदा झाला तो झाला. पिवळ्याचे तीन केस घ्यायचे राहिलेत. घेते आणि जाते."

सोदनोमचं हसू मावळलं. हातातली पुरी त्याने खाली ठेवली.

"ते नाही जमायचं."

"तीन केसांनी घोडा बोडका होतो का?"

"घोड्याचं नाही हो. आज सकाळपासून माझा एक टायर फुटला नाही. दाखला पहिल्या फेरीत मिळाला, आजवर कधी मिळाला नव्हता. तुमच्या घोड्यांबरोबर काहीतरी आलंय माझ्याकडे. तुम्ही आपल्या हाताने सोडलंत, आता परत मागायला आलात."

"मी सोडलं नाही. मी घरी नव्हते."

"घरचा माणूस होता ना? मग झालं तर. दोर हातात दिला तेव्हा उपटायचे. आता शेपूट माझं आणि शेपटातलंही माझं."

शहरचा कोणी असता तर हसून मूठभर केस देऊन मोकळा झाला असता. सोदनोम मात्र तिच्यासारखाच होता, बरकतीवर त्याचाही पक्का विश्वास होता. दुल्माला हेही कळत होतं की त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याच्या जागी ती असती तर तिनेही दिले नसते. ती ट्रकच्या फळीपाशी गेली. फटीतून पिवळ्याने नाक बाहेर काढलं, तिचा डगला हुंगला. तिचा हात डगल्याच्या काठाकडे गेला.

"मावशी, पुसायचंही नाही हां," मागून सोदनोम म्हणाला.

तिने काठ सोडून दिला.

परतीच्या वाटेवर तिने घोडी पळवली नाही. ऊन डोंगरामागे उतरत होतं तेव्हा ती घरी पोचली. पेरेन्लै दाराशीच उभा होता.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस म्हणे. कुठे गेली होतीस?"

"तुझं विसरणं निस्तरायला. नाही निस्तरलं."

पेरेन्लैने खिशातून कापडाची छोटी पुडी काढली आणि उघडून तिच्यापुढे धरली. तीन पिवळसर काळे केस.

"मी घेतले होते," तो म्हणाला. "तोंडही पुसलं. तुझ्यासारखंच."

दुल्माच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला इतका आनंद झाला की तिने आधी मुलाला एक सणसणीत शिवी हासडली. "मग दोरात का नाही गुंफलेस? मी त्या ढेरपोट्याच्या दारात भीक मागत फिरले!"

"बाबांचा घोडा ना," पेरेन्लै म्हणाला. "म्हटलं, शहरात आपल्याजवळ काहीतरी असावं. तिथे गाडीच्या आरशाला बांधीन."

तिचा पुढे गेलेला हात तिथेच थांबला. पेरेन्लैने पुडी तशीच धरून ठेवली होती. मागितली असती तर त्याने दिली असती, यात शंका नाही. दर उन्हाळ्यात येणाऱ्या माणसाला घरची बरकत खिशात कशाला लागते, हे तिने विचारलं नाही. त्यालाही ते ठाऊक नसावं.

"ठेव," ती म्हणाली. "ओली होऊ देऊ नकोस." आणि ती आत जाऊन चुलीत शेणी घालू लागली.

नऊ दिवसांनी सामान गाडीत भरलं गेलं. खोर्लो निरोपाला आला, पोरीच्या खिशात वाळवलेल्या दह्याचे खडे कोंबून गेला. नोमिन रडली, पोर रडली नाही. दुल्मा दुधाची बादली आणि पळी घेऊन बाहेर आली. गाडीमागे दूध शिंपडायचं असतं, वाट सुखाची व्हावी म्हणून. ते कायमचं जाणाऱ्यासाठीही करतात आणि परत येणाऱ्यासाठीही.

"निघतो आई," पेरेन्लै म्हणाला. "उन्हाळ्यात येतोच."

तिने बादली खाली ठेवली.

"थांब," ती म्हणाली.

तिने डगल्याचा आतला काठ हातात घेतला आणि छत्तीस वर्षांच्या मुलाचं तोंड पुसायला लागली. कपाळ, गाल, नाक, ओठ, सावकाश. गाडीतून नोमिन हसत म्हणाली, "आई, ते काय लहान आहेत?"

पेरेन्लै हसला नाही. त्याने टोपी काढली आणि डोकं तिच्यापुढे वाकवलं.