मोजणी मान्य नाही

मोजणीची नोटीस आली ती ह्यांच्याच नावाने. पोस्टमन ओळखीचा. पाकिटावरचं नाव वाचून तो अंगणातच घुटमळला आणि म्हणाला, "सही कुणाची घिऊ, बाई?" मी म्हटलं, "माझी घे. ते आता सही करत नाहीत." त्याला हसावं की काय करावं कळेना. त्या दिवसांत माझ्या तोंडून असंच काहीबाही निघायचं, आणि निघाल्यावर मलाही त्याचं काही वाटायचं नाही.

मोजणीचा अर्ज ह्यांनीच शेवगावला जाऊन केला होता. तारीख लागायच्या आत ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत, एवढंच. मी तेराव्यानंतर शाळेत जायला लागले, चौथीच्या पोरांचे पाढे घ्यायला लागले, संध्याकाळी स्कूटी लावून चहा टाकायला लागले. दोन कप टाकायचे आणि दोन्ही प्यायचे. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, आत काही हलतच नव्हतं.

आमचं रान आणि ह्यांच्या चुलतभावाचं रान, मध्ये एकच बांध. चुलत दीर आणि हे एकाच वर्षी जन्मलेले, एका पाटीवर शिकलेले, पोहायलाही एकाच विहिरीत शिकलेले. पुढे बांधावरून बिनसलं. ह्यांचं म्हणणं, भाऊजी दर नांगरटीला बांध कोरतात. म्हणजे नांगराचा फाळ दरवेळी जरासा आत घालायचा, बांध बारीक होत जातो आणि रान सरकत येतं. आमच्याकडे निम्मी भावकी एकमेकांवर हाच आळ घेते आणि उरलेली निम्मी खरोखर तेच करते. हे एकदा चारचौघांत त्यांना चोर म्हणाले. भाऊजी अंगावर धावून आले. लोकांनी धरलं, तेव्हा हे बांधावर उभे राहून ओरडले, "मेलो तरी तुझ्या रानात पाय ठिवनार न्हाई!"

आणि शब्द पाळला. वासरू पलीकडे गेलं तर हे बांधावर उभे राहून मला हाका मारायचे. मी हातातली भाकरी तव्यावर टाकून पळायची. एका उन्हाळ्यात भाऊजींच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. सगळी वस्ती धावली. हेही धावले, पण बांधापर्यंतच. तिथून बादल्या पुढे देत राहिले, घामाने न्हाले, भुवया करपल्या, पण पाऊल काही पुढे टाकलं नाही. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, "अरं, आग इझंस्तवर तरी सोड की तुझी आन!" सोडली नाही. माझा नवरा असा होता. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. तो राग आठवला की बरं वाटतं, कारण तेव्हा राग तरी येत होता.

हे गेले तेव्हा भाऊजी आले, खांदा दिला, न बोलता गेले. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो, तेव्हा राख प्रवरासंगमाला न्यायची की कसं, अशी कुजबुज सुरू झाली. लेक म्हणाली, आपल्याच रानात खड्डा घेऊ, राख त्यात घालू, वर आंबा लावू. आता बरेच जण तसं करतात. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या दिवशी कशालाही हलवली असती. खड्डा कुठे घ्यायचा याचा कुणी विचारही केला नाही. रानात झाड लावायचं तर ते बांधाच्या कडेलाच लावायचं, नांगराला आड यायला नको, हे इथल्या माणसाच्या हाडात भिनलेलं आहे. तसा तो आमच्या बाजूने बांधाला खेटून घेतला. रोज संध्याकाळी मी तिथे बादलीभर पाणी घालायची. एवढी एकच जागा होती, जिथे मला जावंसं वाटायचं.

मोजणीच्या दिवशी मी रजा टाकली. मोजणीदार तरुण होता, काठीवर पांढरा टोप बसवलेलं यंत्र घेऊन आला होता. भाऊजी पलीकडे हाताची घडी घालून उभे. तो चालत होता, थांबत होता, यंत्राकडे बघत होता. मग त्याने चुन्याची फक्की मारायला सुरुवात केली. पांढरी रेघ वरच्या अंगाने आली ती बांधावर चढलीच नाही. आमच्या तुरीतून आली, आंब्याच्या रोपाच्या अलीकडून गेली आणि खाली ओढ्यापर्यंत सरळ निघून गेली.

"बांध मुळातच चुकीच्या जागी घातलाय, बाई," तो म्हणाला. "आजोबा-पणजोबांनी दोरी टाकून वाटणी केली असणार. हद्द ही. बांध आणि ही पट्टी त्यांच्यात जाते."

मी रेघेकडे बघितलं. रोप रेघेच्या पलीकडे होतं. बांधावर उभं राहून हे जन्मभर जी जमीन माझी म्हणून ओरडले ती भाऊजींची होती. आगीच्या दिवशी शब्द पाळायला जिथे थांबले, तेही भाऊजींचंच रान. आणि आता तर ते तिथेच होते. हे सगळं मला एकदम कळलं, आणि कळूनही काही झालं नाही. पायाजवळ एक तुरीचं झाड फक्कीने पांढरं झालं होतं. मी त्याची पानं झटकत बसले.

मोजणीदाराने रोपाकडे बघितलं. "आंबा लहान आहे अजून. मुळासकट काढून अलीकडे लावा, जगेल," म्हणाला. त्याला काय माहीत. रोप हलवता आलं असतं. त्याच्याखालचं कसं हलवणार? एवढ्या पावसांत ते मातीत कुठल्या कुठे मुरलं असणार. मी "बरं" म्हटलं.

तेवढ्यात भाऊजी पलीकडून बोलले. "मला ही मोजनी मान्य न्हाई."

मी मनात म्हटलं, घ्या. बांध मिळाला, पट्टी मिळाली, आता आख्खी तूर पाहिजे असेल. मला भांडायलाही त्राण नव्हतं.

मोजणीदार हसला. "काका, गोंधळ होतोय तुमचा. जमीन तुमच्या बाजूला निघालीय."

"निघू द्या. मला मान्य न्हाई. बांध हाय तिथंच हद्द हाय. तसं लिवा."

"अहो, यंत्र खोटं बोलत नाही."

"मंग फिरून मोजा. त्यो मानूस माझ्या रानात न्हाई. लिवा तुमी."

मोजणीदाराने माझ्याकडे बघितलं. मी अजून पानंच झटकत होते. त्याने तसं लिहून घेतलं, फेरमोजणीचा अर्ज कसा करायचा ते समजावलं आणि गाडी लांब ओढ्याकाठी लावली होती तिकडे निघून गेला. त्याच्या हिशेबी आम्ही दोघेही येडे ठरलो असणार.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती रडली. म्हणाली, "आई, काकांनी नंतर झाड तोडलं तर?" मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "तुला काहीच कसं वाटत नाही?" मी फोन ठेवला आणि वह्या तपासल्या.

दोन-तीन दिवसांनी भाऊजी घरी आले. कैक वर्षांनी आमच्या ओट्यावर बसले. मी चहा टाकला, पहिल्यांदाच दुसरा कप दुसऱ्या कुणीतरी घेतला.

"अर्ज दिऊन आलो, वैनी. फिरून मोजतील."

"फिरून मोजलं तरी तेच येईल, भाऊजी."

"येऊ द्या. मी फिरून न्हाई म्हनंन." मग म्हणाले, "त्यो शबुद दिऊन गेला हाय. लई हट्टाचा, पर शब्दाचा पक्का. त्याला माझ्या रानात निजवून मी खोटा पाडू व्हय?"

ते पुढे बोलले, खाली बघत. "कोरला आसंल मी बांध, एक-दोन वर्सं, रागाच्या भरात. न्हाई म्हनत न्हाई. पर कोरला त्यो माझाच निघाला. त्यो मला चौघांत चोर म्हनला, वैनी. आता यंत्रानं सांगितलं, चोर न्हाई. पर दावू कुनाला? ज्याला दावायचं त्योच न्हाई." त्यांनी कप बशीत ठेवला. "तुमी सांगा त्याला. माझं त्यो ऐकायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखी बादली घेऊन गेले. फक्कीची रेघ पुसट झाली होती. मी ती ओलांडली, पाणी घातलं आणि रोपाला म्हटलं, "मोजणी झाली. बांध तुमचा नव्हता. भाऊजी चोर नव्हते." आवाज अगदी नीट होता, वर्गात निकाल सांगते तसा. मग म्हटलं, "आणि तुम्ही त्यांच्याच रानात आहात, अहो."

तो 'अहो' तोंडातून निघाला आणि माझा आवाज फुटला. किती महिन्यांत मी हा शब्द उच्चारलाच नव्हता. मी बादली उपडी घातली, तिच्यावर बसले आणि मोठमोठ्याने रडले, अगदी तिसऱ्या दिवशी रडायला हवं होतं तशी.

पलीकडे भाऊजी कपाशीत खुरपत होते. ते उठले, घाईघाईने बांधापर्यंत आले आणि तिथेच थांबले. बांध त्यांचा होता, मी बसले होते ती मातीही त्यांची होती. तरी त्यांनी अलीकडे पाऊल टाकलं नाही.