मी 'बंद' म्हणालो

सातपूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं वायरमन होतो. मग आमचं खातंच दुसऱ्या राज्यात हललं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी सोलरच्या कोर्सला जाऊन बसलो. वर्गात सगळी विशी-बाविशीतली पोरं. शिकवणाऱ्या मॅडम कळवणकडच्या, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्या व्होल्ट मोजायचा मीटर कसा धरायचा ते दाखवू लागल्या आणि माझं डोकं फिरलं. अहो, तुमचा जन्म व्हायच्या आधी मी मीटर हातात धरलाय, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं कसंबसं.

जोडीला मला सुरगाण्याकडची एक मुलगी दिली. तिचे आईबाप दरवर्षी दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला यायचे आणि तीही त्यांच्यामागं. परीक्षा पास झाली की तिच्याच तालुक्यात शेतपंपांना सोलर बसवणाऱ्या टोळीत तिला घेणार होते, तसं कंपनीचा माणूस सांगून गेला होता. नाहीतर पुढची परीक्षा थेट उन्हाळ्यात, आणि तोवर पुन्हा बाग. तिला बागेत जायचं नव्हतं. हे ती मला रोज एकदा तरी सांगायची.

मला ती फार मानायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आमच्या कारखान्याची रीत मी तिला शिकवली. मुख्य मिस्त्री मेन स्विच पाडणार, टेस्टर टेकवणार, मोठ्यानं 'बंद' म्हणणार, मगच बाकीच्यांनी हात घालायचा. त्याच्यामागून कुणी परत तपासायचं नाही, तो त्याचा अपमान. एका नव्या माणसानं एकदा माझ्यामागून टेस्टर लावला, तर मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. हेही मी तिला हसत हसत सांगितलं, मॅडमच्या माघारी.

परीक्षेचं प्रॅक्टिकल होतं इमारतीच्या गच्चीवर, सकाळी अकराला. ऑक्टोबरचं ऊन असं की लोखंडाला हात लावता येईना. बाहेरून आलेले परीक्षक फाईल घेऊन उभे होते, शेजारी मॅडम. पॅनलखालच्या बॉक्समधली जळकी वायर काढून नवी बसवायची, एवढंच काम. मी मेन पाडला, बॉक्स उघडला, खिशातला टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही.

"बंद," मी म्हणालो.

मेन पाडला की कारखान्यातली वायर मरते. सोलरचं तसं नाही. ऊन आहे तोवर पॅनल वीज काढतच राहतात, आणि तिथं टेस्टरवर विसंबून भागत नाही, मीटरनंच मोजावं लागतं. मॅडमनी हे शंभरदा सांगितलं होतं. लेखी पेपरात मी ते नीट लिहूनही आलो होतो. पण गच्चीवर चालले ते बावीस वर्षांच्या सवयीचे हात.

जाड हातमोज्यांत स्क्रू धरता येईना म्हणून तिनं माझा शब्द ऐकताच ते काढले आणि वाकली. बोटं वायरपासून वीतभरही नसतील. मॅडमनी झडप घालून तिचा दंड धरला आणि मागं खेचलं. ती धपकन खाली बसली. मग मॅडमनी मीटर माझ्या हातात दिला. मी टोकं टेकवली. आकडा साडेपाचशे व्होल्टच्या पुढं गेला.

"बंद कोण म्हणालं?" परीक्षकांनी विचारलं.

माझं नाव तिनं घेतलं नाही.

"मी म्हणालो. मला नापास करा साहेब, तिचं काही चुकलं नाही."

"तिनं मोजलं होतं?"

"अहो, मी सांगितलं म्हणून तिनं..."

"म्हणजे नाही मोजलं."

त्यांनी दोघांच्याही नावापुढं फुली मारली. माझं टाळकं सटकलं. या पोरीला परत बागेत धाडताय, जरा माणुसकी ठेवा, काय काय बोललो मी. मॅडमकडे वळलो, निदान तुम्ही तरी सांगा म्हटलं.

"काका, आज हिला पास करून उद्या पंपांच्या कामावर पाठवू?" त्या म्हणाल्या.

मी हातातला मीटर त्यांना परत दिला.

खाली आलो तेव्हा ती जिन्यात पिशवी भरत होती. मला तिची माफी मागायची होती, आणि तोंडातून निघालं काय, तर, "पोरी, एकदा मीटर लावून बघायचंस की."

"तुम्हीच म्हनले व्हते ना काका," ती म्हणाली, "मोठ्यानं बंद म्हनल्यावर परत बघायचं नाय."

रागानं म्हणाली असती तर मीही उलटून काही बोललो असतो. वर्गात उत्तर द्यावं तसं ती सरळ म्हणाली. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर बागेत कामाला गेली.