सव्वादहाचं वाचन

भाऊजींना जाऊन पाच आठवडे झाले. भाच्याचा फोन आला तेव्हा मी इंदूरजवळच्या राऊ गावातल्या माझ्या घरी नुकताच चहा घ्यायला बसलो होतो. सकाळी पोहे खाऊन, ‘आज शेव कमी आहे’ अशी तक्रार करून भाऊजी आरामखुर्चीत टेकले आणि... नव्वदी गाठलेल्या माणसाला याहून चांगलं मरण कुठलं? मी पोचलो तेव्हा ताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, दारातच बजावलं, “रडू नकोस हं. शेवेवरून भांडून गेलेत, चांगले ठणठणीत गेलेत.”

मध्य भारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी नवा वकील, ताईकडेच राहत होतो, आणि भाऊजी इंदूरच्या हायकोर्टात अपिलं दाखल करून घेण्याच्या खिडकीवर कारकून. संस्थानं विलीन झालेली, जुने नियम मोडीत निघालेले, नव्यांत सारख्या दुरुस्त्या. आज एक कागद यायचा, महिन्यानं त्याच्यावर दुसरा. म्हातारे वकील कपाळाला हात लावत, “होळकरांच्या वेळी असं नव्हतं हो!” भाऊजींनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. नवी दुरुस्ती आली की सकाळी सव्वादहाला, खिडकी उघडण्याआधी, ते ती खड्या आवाजात वाचून दाखवत. आधी इंग्रजीत, मग हिंदीत अर्थ. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. एकेकट्याला मात्र ते काही सांगत नसत. वकील मंडळी याला ‘पोथी’ म्हणत आणि हसत हसत का होईना, हजर राहत.

मी जात नसे. ज्याच्या घरी पोथी राहते त्यानं देवळात कशाला जायचं? रात्री जेवताना मी विचारायचो, “भाऊजी, आज काय नवीन?” ते म्हणायचे, “आमटी नवीन आहे. घे.” तरी मला अक्कल आली नाही.

माझं हायकोर्टातलं पहिलं अपील सगुणाबाईचं. फौजेतल्या जमादाराची विधवा, राजवाड्यामागच्या दोन खोल्यांत राहायची. खालच्या कोर्टानं तिला घर खाली करायला सांगितलं होतं. अपिलाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, मी रुबाबात कागद खिडकीत सरकवले. भाऊजींनी चाळले आणि परत केले.

“वकीलसाहेब, हुकूमनाम्याची नक्कल नाही लावली आपण.”

“निकालाची आहे ना!”

“आता दोन्ही लागतात. परवा वाचलं होतं.”

नक्कल मिळायला आठवडा, आणि मुदत त्याच दिवशी संपणार. माझ्यामागे रांगेत सगुणाबाईविरुद्धचे वकील दुबेजी, आपल्या दुसऱ्या कामासाठी उभे. मी भाऊजींकडे गयावया केल्यासारखं पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, “जिन्होंने परसों नहीं सुना, सुन लें.” मग अख्खी दुरुस्ती वाचली, आणि तिच्यापाठोपाठ मुदतीचं कलमही. नक्कल मागितल्यापासून मिळेपर्यंतचे दिवस मुदतीत मोजायचे नाहीत. मात्र अर्ज मुदतीच्या आत केलेला हवा. मी उरलेलं ऐकायला थांबलोच नाही. सायकल अशी हाणली की खालच्या कोर्टाच्या नक्कल खात्यात अर्ज देताना मला बोलताच येईना. कारकुनानं आधी पाणी दिलं, मग तारखेचा शिक्का मारला.

अपील दाखल झालं, पुढं आम्ही ते जिंकलोही. सगुणाबाई शेवटपर्यंत त्या दोन खोल्यांत राहिली. पण त्या संध्याकाळी घरात महाभारत! ताई तवा आपटत म्हणाली, “माझ्या भावाला आधीच घरी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“दुबेजींची बहीण आपल्या घरी नाही ना,” भाऊजी शांतपणे म्हणाले आणि पोळी मागितली. ती मिळाली नाही. चार दिवस ताईनं अबोला धरला, आणि पुढं पन्नास वर्षं ‘यांना परक्यांचाच पुळका’ हे पालुपद.

गेल्या रविवारी आम्ही सगळे ताईकडे जमलो होतो. सांत्वनाची पत्रं तिनं न फोडता ठेवली होती. म्हणाली, सगळे आलात की वाचू. एक पत्र दुबेजींचं निघालं. आता ते जबलपूरला मुलाकडे असतात. ताई मोठ्यानं वाचू लागली. दुबेजींनी लिहिलं होतं की त्या रात्री ते तक्रार लिहायला बसले होते. कारकुनानं आपल्या मेव्हण्याला मदत केली, अपील घेऊ नये, कारकुनालाही काढावं. ‘फिर याद आया, पूरा नियम तो मैंने भी सुना था. कागज़ फाड़ दिया.’

ताई थांबली. तिनं पत्राची घडी केली, पुन्हा उघडली. मग सुना, नातवंडं, मी, सगळ्यांकडे पाहत खड्या आवाजात म्हणाली, “सगळ्यांसमोर सांगते. त्यांचं बरोबर होतं.”

आणि मग माझ्याकडे वळून, हळूच, “त्यांना तेवढं सांगायचं राहिलं रे.”